हळदीचं नाव जर्मनीत टिकेल का?

प्रश्न: आमचा हळदीचा ब्रँड भारतात रजिस्टर्ड आहे, आता जर्मनीत थेट गिऱ्हाइकांना ऑनलाइन विकायचंय, तर तिथे नाव सेफ आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, ट्रेडमार्क देशापुरताच असतो. म्युनिकच्या जर्मन पेटंट आणि ट्रेडमार्क ऑफिसात अर्ज करा, ऑनलाइन फी 290 युरो, त्यात 3 क्लास (म्हणजे माल-सेवांचे ठरलेले गट) येतात आणि प्रोटेक्शन 10 वर्षं. पण असंच नाव आधी कुणाचं आहे का हे ते ऑफिस बघतच नाही, रजिस्ट्रेशन पब्लिश झालं की जुना मालक 3 महिन्यांत हरकत घेऊ शकतो, म्हणून सर्च आधी करा, पाकिटं छापून झाल्यावर नाही. भारत 2013 पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एका अर्जातून दुसऱ्या देशांतही ट्रेडमार्क मागता येणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथूनही अर्ज करता येतो. आणि पॅकिंगसाठी लुसिड या जर्मनीतल्या पॅकेजिंगच्या सक्तीच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवल्याशिवाय पहिलं पाकीटसुद्धा विकू नका.