१९४४च्या गोदी स्फोटात उडालेली सोन्याची वीट सापडून युद्धानंतर मुंबईत कोणी खरंच श्रीमंत झालं का?

असा एकही पक्का दाखला माझ्या पाहण्यात नाही. वीट सापडून ती पचवणं किती अवघड होतं, हे लक्षात घेतलं तर त्याचं नवलही वाटत नाही.

मी माझगावच्या चाळीत वाढलो. तिकडे एखाद्याचं दुकान बघता बघता मोठं झालं की म्हातारी मंडळी हमखास म्हणायची, "ह्याच्या बापाला वीट गावली होती." ऐकायला मजा यायची, पण ज्या माणसाने रेशनच्या दिवसांत पै पै जोडून दुकान उभं केलं, त्याच्या कष्टांवर त्या एका वाक्याने पाणी पडायचं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या १२४ विटा. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. एक वीट तर मैलभर लांब एका निवृत्त पारशी इंजिनिअरच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली आणि मिळालेलं बक्षीसही मदतनिधीला देऊन टाकलं.

आता ती वीट डोळ्यांसमोर आणा. वजन १२.७ किलो, म्हणजे हजाराहून जास्त तोळे, पण आकाराने बांधकामाच्या विटेच्या जेमतेम एक तृतीयांश. १९४७च्या भावाने तिचे लाखावर रुपये झाले असते. पण विकणार कुठे? ज्यांनी आयुष्यात दोन-चार तोळ्यांपलीकडे सोनं हाताळलं नाही, त्या हमालाने किंवा गाळ काढणाऱ्या खलाशाने एवढी लगड घेऊन कुठल्या सराफाची पायरी चढायची? ती वितळवायला, तुकडे करायला कोणाला तरी विश्वासात घ्यावंच लागणार. पुढे १९६०च्या दशकात सुवर्ण नियंत्रण आलं. १९६८च्या कायद्याने तर सामान्य माणसाला घरात लगड ठेवायलाच बंदी केली, आणि तो कायदा १९९०पर्यंत टिकला.

शिवाय हे काही बेवारस गुप्तधन नव्हतं. मालक माहीत असताना सापडलेली वस्तू खिशात घालणं हा भारतीय दंडविधानाच्या कलम ४०३ खाली गुन्हा होता. काही विटा गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या आणि सरकारजमा होत गेल्या. एखादी गुपचूप नाहीशी झालीच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तेवढ्यावरून गल्लीतल्या प्रत्येक बरकतीला वीट चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

आभाळातून लोकांच्या वाट्याला खरं काय आलं, तर जळता कापूस. पेटलेल्या गासड्या वस्त्यांवर पडल्या, घरं, गोदामं, दुकानं गेली. सरकारी आकडा साताठशे मृत्यूंचा, खरा त्याहून बराच जास्त असावा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्यांना नशिबाने काही मिळालंच असेल, तर ती सरकारने दिलेली नुकसानभरपाई आणि ढिगारे उपसायचं काम. सुमारे ८,००० माणसं सात महिने ते काम करत होती.

तुमच्या घरात कोणी आजोबा त्या कामावर होते असं सांगत असतील, तर विटेचं नंतर विचारा. आधी मजुरी किती मिळायची, राहायला कुठे होते, रेशनकार्ड जळालं तर धान्य कसं आणलं, हे विचारून लिहून ठेवा. ते कोणी लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही.