प्रकाश सारखा बदलतो, लाटा थांबत नाहीत. मग डोंगर आणि समुद्र समोर बसून रंगवायचे कसे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. समोर बसून निसर्गचित्र काढताना अर्ध्या तासात सावल्या सरकतात आणि समुद्र तर क्षणभरही थांबत नाही, अशा वेळी नेमकं धरायचं काय? आणि फोटो काढून घरी निवांत रंगवलं तर बिघडतं काय? दुसऱ्याचं उत्तर लहान आहे, ते आधी उरकते.

फोटोवरून काढलं म्हणून कुणी फासावर देत नाही. पण फोटोत उजेड नीट आला की सावल्या काळ्या पडतात आणि सावल्या दिसायला लागल्या की आकाश पांढरंफटक होतं. हल्लीचे फोन दोन्ही सांभाळून घेतात, मात्र त्या सांभाळण्यात आकाश आणि कडा यांच्यातलं खरं अंतर सपाट होतं. शिवाय फोनची लेन्स रुंद असते, त्यामुळे समोर छातीवर आल्यासारखा वाटणारा डोंगर फोटोत टेकाड होऊन बसतो. चित्रात तुम्हाला हेच तर हवं असतं: कशाच्या शेजारी काय किती गडद, किती मोठं. ते नातं प्रत्यक्ष पाहूनच कळतं.

आता पहिला प्रश्न. डोंगर आणि समुद्र यांना एकाच पद्धतीने भिडू नका. डोंगर जागचा हलत नाही, त्याच्यावरचा उजेड हलतो. समुद्र सतत हलतो, पण त्या हलण्याची रीत बराच वेळ तीच राहते. म्हणून डोंगरासमोर उजेड लक्षात ठेवावा लागतो आणि समुद्रासमोर आकार.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सोंडेची सावली घळीत उतरते आणि मघाशी चमकणारा कडा काळवंडतो. त्यामुळे बसल्याबसल्या रंगाला हात घालू नका. डोळे किलकिले करून बघा, तळहाताएवढ्या चौकटीत एकाच गडद रंगाने फक्त सावल्यांचे आकार मांडा आणि तो आराखडा शेवटपर्यंत बदलू नका. सावली सरकली तरी तिच्यामागे धावायचं नाही. धावलात की एका कड्यावर सकाळ आणि दुसऱ्यावर दुपार असं चित्र तयार होतं आणि ते का फसलंय हे काढणाऱ्यालाच कळत नाही. व्हालांसियेन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली छापलेल्या पुस्तकात सांगून ठेवलंय की निसर्गासमोरचा अभ्यास दोन तासांपेक्षा जास्त लांबवू नये, सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासातच हात थांबवावा. मला हा हिशेब आजही बरोबर वाटतो. मोने या फ्रेंच चित्रकाराने वेगळी वाट काढली होती. फ्रान्समधल्या एत्रताच्या किनाऱ्यावर तो एकाच दृश्याचे पाच-सहा कॅनव्हास सोबत न्यायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. लेखक मोपासाँने हे स्वतः पाहून लिहिलंय.

याच्या अगदी उलट टोकाला सेझान, तोही फ्रेंच चित्रकार. दक्षिण फ्रान्समधला माँ सँत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर त्याने वर्षानुवर्षं रंगवला आणि त्याला एका तासाचा उजेड नकोच होता, त्याला डोंगराची बांधणी हवी होती. तेव्हा घाई हा काही धर्म नाही. तुम्हाला उजेड हवा की बांधणी, एवढं मात्र बसण्याआधी ठरवा.

डोंगरात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो हवेकडे बघण्यात. लांबच्या रांगा निळ्या दिसतात, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि तो विखुरलेला प्रकाश गडद डोंगरावर साचल्यासारखा दिसतो. हे बहुतेकांना माहीत असतं. पण तीच हवा लांबच्या बर्फाचं काय करते? बर्फाकडून आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशातला निळा वाटेतच गळतो, म्हणून दूरचं उन्हातलं शिखर किंचित पिवळसर, कधी गुलाबीकडे झुकलेलं दिसतं. ‘लांबचं ते निळं’ हे सूत्र पाठ करून बसलेला माणूस त्या बर्फातही निळा मिसळतो आणि शिखर मेल्यासारखं होतं. त्यात दमट धुकट असेल तर गणित पुन्हा बदलतं. पाण्याचे थेंब हवेच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. अशा दिवशी लांबची रांग निळी नसून दुधट राखाडी असते. हे बसल्या जागी तपासता येतं: मूठ सैल करून तिच्या भोकातून फक्त तेवढाच तुकडा बघा, शेजारचा रंग झाकला की खरा रंग दिसतो.

समुद्रासमोर पहिला बराच वेळ ब्रश खालीच ठेवावा. एक खडक निवडायचा आणि त्याच्यावर लाटा कशा येतात ते पाहत राहायचं. उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी होतो, ती उंच आणि उभट होते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीपेक्षा जरा जास्त उरली की फुटते. तळ तोच, म्हणून फुटण्याची जागाही साधारण तीच. दहा लाटा पाहिल्यावर जी एक डोळ्यांत बसते ती काढायची, समोर आत्ता आलेली नाही. फुटण्याआधी कडा पातळ होते, मागून ऊन असेल तर ते आरपार येतं आणि तिथेच तो काचेसारखा हिरवा दिसतो. तो सगळ्या लाटेला फासला की झालं, कॅलेंडरवरचं चित्र. फेसही पूर्ण पांढरा नसतो, त्याच्या सावलीच्या बाजूला निळसर राखाडी असतो. जलरंगात पूर्ण पांढरा म्हणजे कोरा कागद, तो तिथल्या एखाद-दोन ठिपक्यांसाठी राखून ठेवा.

पाण्याला एकच रंग शोधू नका. पायाशी पाहताना नजर पाण्यात शिरते, तळ आणि खोली दिसते. दूर पाहताना पाणी आरशासारखं आकाश परतवतं. मग क्षितिजाशी दोन्ही एकरंग व्हायला हवेत, पण वारा असेल तर तसं होत नाही. लाटांचे आपल्याकडे तोंड केलेले उतार क्षितिजालगतचं फिकट आकाश न दाखवता त्याच्या वरचं गडद आकाश दाखवतात, म्हणून समुद्राची कड ठळक उमटते. वारा पडला की हीच कड विरघळते. आणि क्षितिज कायम तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. बसून सुरू केलेलं चित्र उभं राहून पुढे नेलं की होड्या आणि खडक त्याच्याशी भांडायला लागतात.

अर्धवट राहिलेलं चित्र पुरं करायला डोंगराकडे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाता येतं. किनाऱ्यावर नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे तोच उजेड मिळाला तरी कालचे खडक पाण्याखाली असू शकतात. साधारण पंधरा दिवसांनी मात्र भरतीची वेळ फिरून तिथेच येते, तेव्हा जा. भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय खडकांत बसूच नये. १८८५ मध्ये मोनेसारख्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाचा अंदाज चुकला आणि लाटेने त्याला कड्यावर आपटलं होतं.

सामानाबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एकच आग्रह: कागद आणि पॅलेट दोन्ही सारख्याच सावलीत ठेवा. कागदावर थेट ऊन असलं की तो इतका चकाकतो की तुम्ही रंग नकळत गडद कालवता आणि घरात आणल्यावर चित्र काळोखं दिसतं. जलरंग दमट किनाऱ्यावर वाळता वाळत नाहीत, तर उंचावरच्या कोरड्या वाऱ्यात वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) फिरवायच्या आत सुकतात, तेव्हा पाणी त्या हिशेबाने घ्या. तैलरंगांना ही अडचण नाही, त्यांना वाळू चिकटते. मोनेने १८७० मध्ये त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर काढलेल्या एका चित्रात ती आजही आहे.

घरी येऊन दुरुस्ती करणार असाल तर कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराची सवय उचला. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास करताना तो मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायचा. मी त्यात किनाऱ्यावर असेन तर भरतीची वेळ घालते आणि डोंगरात असेन तर हवा कोरडी होती की धुकट, ते.