बांधावर झाडं लावायचीत ना, मग आधी हे बघ
भावा, सांगलीकडच्या कमी पावसाच्या आटपाडीच्या माळावर एकदम पाचशे रोपं लावायला जाऊ नको, पहिल्या वर्षी एका बांधाला दहा-पंधरा बास. बोर, शेवगा, सीताफळ, कडुनिंब हीच घे, जुन्या लोकांनी उगाच नाही राखली, पाऊस हुकून बाजरी-हुलगा गेला तरी शेंगा-बोरं बाजारात जातात आणि शेरडांना पाला मिळतो.

नवीन माणूस हमखास इथं चुकतो:
- खड्डे पावसात काढतो. उन्हाळ्यातच काढ, तापू दे.
- रोपं उघडी ठेवतो. शेरडं एका दिवसात शेंडा खातात, भोवती बोरीच्या काट्या रोव.
- शाळूआधी (म्हणजे रब्बी ज्वारीआधी) झाडांच्या फांद्या छाटत नाही, मग सावलीतली कणसं भरत नाहीत.

शेजाऱ्याशी बांधाचं आधीच बोलून घे. कलमं-बिलमं पुढच्या वर्षी बघू, जमतंय तुला.