बंदरावरचे प्रश्न : बोटीला बॅटरी कोणती घ्यावी?

प्रश्न : आमची गिलनेटची (पडद्यासारखं जाळं पाण्यात सोडून ठेवायची) फायबरची बोट आहे. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि १२ व्होल्टची एकच बॅटरी. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), दिवे, मासळी शोधणारा फिशफाइंडर, वायरलेस सगळं तिच्यावरच चालतं. रात्री जाळं टाकून इंजिन बंद ठेवतात आणि पहाटे सेल्फ फिरत नाही. गेल्या हंगामात एकदा दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. दीड-दोन वर्षांत बॅटरी बसते. आता दुकानदार इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर घ्या म्हणतो, बोट चालवणारे तांडेल म्हणतात ट्रकची घ्या. हिशेब मी बघते. कोणत्या कंपनीची घेऊ? – एक वाचक भगिनी, हर्णे

ताई, मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या वायरिंगचं काम करतो. हा प्रश्न प्रत्येक हंगामाच्या तोंडावर येतो आणि सगळे आधी कंपनी विचारतात. तुमची बॅटरी कशाने मरते ते तुमच्याच पत्रात आहे. जी बॅटरी सकाळी इंजिन चालू करणार, तीच रात्रभर दिवे जाळते. या पद्धतीने कुठल्याही कंपनीची बॅटरी दोन हंगामांच्या वर जाणं कठीण.

सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. काही सेकंदांत दोन-तीनशे अँपिअरचा झटका द्यायचा आणि लगेच डायनामोने भरून घ्यायचं, हे तिचं काम. तिला रोज अर्ध्याखाली उतरवलं की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. दिव्यांच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. ती झटका कमी देते, पण हळूहळू उतरणं आणि भरणं शेकडो वेळा सोसते. म्हणून माझा पहिला आग्रह असा की बोटीवर दोन बॅटऱ्या ठेवा. एक फक्त सेल्फची, दुसरी बाकी सगळ्याची. मध्ये सिलेक्टर स्विच टाका, किंवा डायनामोचा व्होल्टेज चढला की दोन्ही जोडणारा आणि उतरला की आपोआप तोडणारा रिले. स्विच स्वस्त आहे, पण इंजिन बंद केल्यावर तो फिरवायची आठवण कुणीतरी ठेवावी लागते. रात्रीचा दमलेला खलाशी ती ठेवेल यावर मी विसंबत नाही. मी रिलेच बसवतो.

आता हिशेब. २० वॅटचे दोन एलईडी फ्लडलाइट दहा तास म्हणजे ४०० वॅट-तास. १२ ने भागा, ३३ अँपिअर-तास (एक अँपिअर एक तास ओढला की एक अँपिअर-तास). गिलनेटच्या बोटीला रात्री वर लाल आणि खाली पांढरा, असे चारी बाजूंनी दिसणारे दिवे लागतात. एलईडीचे असतील तर दोन्ही मिळून रात्रीचे ८ अँपिअर-तास. फिशफाइंडर रात्रभर चालू, सुमारे १७. वायरलेस ऐकत ठेवला आणि अधूनमधून बोललात तर ६. झाले ६४. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणजे तुम्हाला १३० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. पण काम नसताना डेकचे फ्लड बंद ठेवले, चार तासच लावले, आणि फिशफाइंडर दोनच तास चालवला, तर रात्रीचा ६४ चा खर्च ३० वर येतो. मग १०० अँपिअर-तासांची बॅटरी जुनी झाल्यावरही पुरते. लाल-पांढरा मात्र कधीही बंद करू नका. रात्री मोठ्या जहाजाला तुमची बोट आणि तिचं जाळं त्या दोन दिव्यांवरूनच कळतं. वीज वाचवायला ते दिवे मालवणं मला मुळीच मान्य नाही.

डेकवर अजून हॅलोजनचे दिवे असतील तर बॅटरीच्या आधी ते बदलून एलईडी लावा.

ट्रकची बॅटरी सेल्फसाठी चालेल. इंजिनच्या पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा लहान नको, एवढंच. उंच ट्यूब्युलर छोट्या बोटीत ठेवू नका. घराच्या कोपऱ्यात ती उत्तम, पण बोट लोळायला लागली की उंचीमुळे कलंडते, झाकणांतून ॲसिड बाहेर येतं, आणि सेल्फला लागणारा झटका ती नीट देत नाही. दिव्यांसाठी सोलरला वापरतात तशी बंद, एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली) बॅटरी घ्या. ती सांडत नाही. तिला १४.४ ते १४.७ व्होल्टच्या वर चार्जिंग नको, ते डायनामो तपासताना मेकॅनिकला सांगा.

दुकानात गेलात की तीन गोष्टी बघा. तयार झाल्याचा महिना खोक्यावर किंवा बॅटरीवर असतो. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. मग मीटर लावायला सांगा. पूर्ण भरलेली १२.६-१२.७ दाखवते, १२.४ च्या खाली असेल तर ती फळीवर पडून उतरलेली आहे. तिसरं, एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्या वजनाच्या काट्यावर ठेवा. जिच्यात शिसं जास्त ती जड भरते, आणि आयुष्य त्या शिशातच असतं. क्षमता वाचताना सी-२० लिहिलंय की सी-१० तेही बघा. सी-२० ची १०० म्हणजे ५ अँपिअर वीस तास, सी-१० ची १०० म्हणजे १० अँपिअर दहा तास. भाव सारखा असेल तर सी-१० ची घ्या. आणि वॉरंटी कार्डावर बोटीचा वापर चालतो का, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या. घराच्या किंवा गाडीच्या वापरासाठी दिलेली वॉरंटी बोटीला नाकारली जाते, हे मी पाहिलं आहे. जुन्या प्लेटा घालून रंगवलेली ‘रिकंडिशन’ बॅटरी समुद्रावर नेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

नवी बसवायच्या आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १४ ते १४.४ हवा. १३.५ च्या खाली असेल तर दोष डायनामोत, त्याचा व्होल्टेज आवरणाऱ्या कटआउटमध्ये किंवा बारीक वायरीत आहे, आणि नवी बॅटरीही उपाशीच राहील. सकाळी दोन तास इंजिन चाललं म्हणून बॅटरी पूर्ण भरत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा चार्जरवर रात्रभर लावा. जून-जुलैच्या बंदीत बॅटऱ्या पूर्ण भरून घरी आणा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावा. अर्धी उतरलेली बॅटरी दोन महिने तशीच बोटीत राहिली तर ऑगस्टमध्ये ती उठत नाही, आणि दोष कंपनीवर जातो.

जागाही महत्त्वाची. इंजिनला चिकटून नको, कारण दर दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. तळाच्या पाण्यात तर नकोच. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू सुटतो. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा खोका वरून उघडा हवा आणि बॅटरी पट्ट्याने आवळलेली हवी. हादऱ्याने प्लेटा तुटतात.

प्रश्न : ट्रॉलरला १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट आहेत. दर वेळी त्यातली एकच लवकर जाते. दुकानदार म्हणतो गेली तेवढीच बदला. – एक नाखवा, देवगड

नाखवा, वायरलेस आणि जीपीएसची वायर दोन्हींपैकी एकाच बॅटरीवरून घेतली आहे का, ते आधी बघा. बहुतेक तसंच निघेल. उपकरणं १२ व्होल्टची, म्हणून वायरमन एका बॅटरीवरून लाइन ओढतो. मग तीच रोज उतरते. डायनामो मात्र दोघींना मिळून एकच चार्ज देतो. उतरलेली कधी भरत नाही, आणि दुसरी जास्त भरून पाणी उकळवत बसते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि लाइन तिथून घ्या. एकच बॅटरी बदलू नका. जोडी एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेली असावी. जुनी शेजारी असली की नवीही तिच्याबरोबर खाली येते.

प्रश्न : लिथियम घ्यावी का? – एक तरुण वाचक, मालवण

दिव्यांसाठी विचार करा, सेल्फसाठी सध्या नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवता येते आणि खूप वर्षं चालते. पण ती डायनामोतून एवढा करंट ओढते की डायनामो तापतो. आतल्या संरक्षक सर्किटने चार्जिंग मध्येच तोडलं तर डायनामोचे डायोड उडू शकतात. म्हणून डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर घालावाच लागतो, त्याचे पैसे धरून भाव करा. सर्किटची माहिती लेखी न देणाऱ्याकडून घेऊ नका.

प्रश्न : बॅटरीत बाटलीतलं पिण्याचं पाणी घातलं तर चालतं का? – एक खलाशी, दाभोळ

नाही. त्यात क्षार असतात, ते प्लेटा खातात. डिस्टिल्ड वॉटरच घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं आधी घाला, आणि बाकीचं, खुणेपर्यंत, बॅटरी चार्ज झाल्यावर घाला. ॲसिड कधीच वाढवू नका. टर्मिनलवरचा हिरवट चुरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाका, टर्मिनल कोरडं करून त्याला व्हॅसलिन लावा. धुताना झाकणं घट्ट लावलेली असू द्या, म्हणजे सोडा आत जाणार नाही.