"मॅडम, त्या इंजेक्शनमुळेच कंबर गेली ना?"

बाळंतपणानंतरची कंबरदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी हे विचारतात. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं भुलीचं इंजेक्शनच मुळाशी आहे, अशी त्यांची खात्री असते. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण महिनोनमहिने टिकणाऱ्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. नॉर्मल बाळंतपण झालेल्यांचीही कंबर दुखतेच.

अशाच एकीने फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सोडून दिले होते.

"करताना फार दुखतं का?"

"थोडंसं. पण भीती वाटते. आत काहीतरी निसटेल."

"काय निसटेल?"

बराच वेळ ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मणका."

मी तिला खाली पडलेलं दुपटं उचलायला सांगितलं. श्वास रोखून, सगळं अंग ताठ करून ती वाकली आणि कळवळली. "आता गुडघे वाकवा, श्वास सोडत उचला." दुखलं, पण कमी. तिसऱ्यांदा तिने न सांगताच उचललं. "कंबर तर तीच आहे. मग आता कमी कसं दुखलं?" हा प्रश्न तिला स्वतःला पडला, याचं मला आजही समाधान वाटतं. मी तासभर समजावून जे झालं नसतं, ते त्या प्रश्नाने झालं. मनातला मणका निसटायचा थांबल्याशिवाय व्यायामाचा कागद कपाटातच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर ती ऐकू लागली. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणले जातात, सांध्यांचे बंध सैलावतात. त्यात दिवसभर बाळावर ओणवं होणं. म्हणून दूध पाजताना आपण वाकू नये, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीशी आणावं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडत पोट हलकेच आत घ्यावं, कंबर जमिनीला टेकवावी. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सोडावेत. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटना बाळंतिणींनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तिथवर हळूहळू पोहोचायचं. तिने दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात केली.

मात्र पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.