नाक चोंदलंय, गाल बधिर: बायोप्सी कशाला?

प्रश्न : सासऱ्यांचं (वय 58, वजन 60 किलो) मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, मधुमेहही आहे. आठवडाभर डावी नाकपुडी चोंदलीय, आता गाल बधिर झालाय. डॉक्टर म्हणतात, म्युकरचा (काळ्या बुरशीचा) संशय आहे, दुर्बिणीतून बायोप्सी करू, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढू. सरळ बुरशीचं औषध देऊन बघता येणार नाही का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : औषध आजच सुरू होऊ शकतं, पण बायोप्सी टाळू नका. प्रत्यारोपणाच्या गोळ्या आणि साखर दोन्ही असताना गाल बधिर झाला, तर ते साधं सायनस समजू नये. टाळूवर काळी खपली दिसेपर्यंत थांबणं किती महागात पडतं, ते 2021 मध्ये महाराष्ट्राने पाहिलंय.

बुरशी कोणती, त्यावर औषध ठरतं. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीला लागू पडणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या बुरशीसाठीच्या चाचण्यांत म्युकर सापडत नाही, म्हणून 'निगेटिव्ह' रिपोर्टवर विसंबू नका.

गफलत होते ती तुकडा पाठवताना. सगळाच फॉर्मलिनमध्ये टाकला की बुरशी मरते, मग कल्चरचा (लॅबमध्ये ती वाढवून बघण्याचा) प्रश्नच मिटला! एक भाग फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये हवा, आणि फॉर्मवर 'म्युकरचा संशय' ठळक लिहिलेलं हवं. लॅबमध्ये तुकडा घोटला तर या बुरशीचे जवळजवळ बिनपडद्याचे तंतू फुटून मरतात. तो ब्लेडने बारीक कापूनच लावायचा असतो. केओएच तपासणीत (तुकडा केओएच द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) रुंद, रिबिनीसारखे, काटकोनात फाटे फुटलेले तंतू दिसले की कल्चरची वाट बघत नाहीत.

प्रश्न : म्युकरवरचं अँफोटेरिसिन हे औषध त्यांच्या किडनीला झेपेल?

उत्तर : त्याचा लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेला) प्रकार त्यातल्या त्यात सोसतो. किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 300. 50 मिलिग्रॅमच्या 6 व्हायल. पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस, थोडं थोडं वाढवत नेत नाहीत. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, सलाइनमध्ये साका धरतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम सुरुवातीला रोज तपासावं. मॅग्नेशियम कमी राहिलं तर पोटॅशियम कितीही द्या, वर येत नाही.

शस्त्रक्रियाही लागेल. ही बुरशी रक्तवाहिन्याच बुजवते, मेलेल्या भागात औषध पोहोचतच नाही. पुढे पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या की टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणाच्या औषधाची रक्तातली पातळी चढते. टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणून पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. डिस्चार्जच्या कागदावर हे नसेल, तर घरी निघण्याआधी किडनीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.