रंगाचं पाणी साध्या उजेडात स्वच्छ करताना कार्बन नॅनोफायबर नेमकं काय करतं?

रंगाचे रेणू तोडतो तो या अतिसूक्ष्म कार्बन तंतूंवर बसवलेला उत्प्रेरक. कार्बन त्याला साथ देतो. टायटॅनियम डायऑक्साइड या नेहमीच्या उत्प्रेरकाला अतिनील किरण लागतात, आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाशासाठी ग्राफिटिक कार्बन नायट्राइडसारखा पदार्थ घेतात. तो साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा उजेड पकडतो. उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन तंतूवरून पुढे निघून जातो, लगेच जागेवर परत पडत नाही, म्हणून रंग तोडायच्या कामी येतो. शिवाय तंतूंची जाळी चिमट्याने उचलता येते, भुकटीसारखी गाळत बसावं लागत नाही.

प्रयोग करणार असाल तर मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचं द्रावण तंतूंची जाळी टाकून आधी अर्धा तास अंधारात ढवळाच. कार्बन रंग नुसता धरूनही ठेवतो, आणि बीकरमधलं पाणी उजेडाशिवायच फिकं पडतं! रंग खरंच तुटला तरी रेणूंचे तुकडे पाण्यात उरू शकतात, त्यासाठी सीओडीही (पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं रासायनिक रीतीने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) मोजा.